कुणी न पाहिलेलं चित्र

टोकियोच्या जिंबोचो भागातल्या एका जुन्या चित्रांच्या दुकानात दुकानदाराने माझ्यापुढे एकाच चित्राच्या दोन प्रती शेजारी शेजारी मांडल्या. बाहेर पाऊस, आत गिऱ्हाईक मी एकटीच, त्यामुळे त्याला वेळ होता आणि असल्या कामासाठी मला तो नेहमीच असतो. चित्र लाकडी ठशांनी छापलेलं, कुनिसादा या जपानी चित्रकाराचं, १८५२ सालचं. सही तेवढी 'तोयोकुनी' अशी, कारण गुरूचं नाव तोवर त्याने स्वतःला लावून घेतलं होतं. काबुकी या जुन्या जपानी नाट्यप्रकारातला एक नट कमरेपर्यंत दाखवलेला, मान जराशी तिरकी, मूठ तलवारीवर आणि डोळे असे वटारलेले की समोरच्याने दोन पावलं मागे सरावं. पहिली प्रत उघडल्याबरोबर मी "अगं बाई!" म्हणाले, तेही चक्क मराठीत. गळ्याशी जांभळ्या रंगाची पट्टी, ओठांच्या कोपऱ्यात लालसर छटा, मागे वरून खाली विरत आलेलं निळं आभाळ. दुसऱ्या प्रतीत आभाळ तेवढं शाबूत होतं. जांभळ्याचा झाला होता मळखाऊ तपकिरी, लाल उडालेला, मधोमध घडीची रेघ, उजव्या कडेला कसरीने खाऊन केलेली नागमोडी वाट आणि खालच्या कोपऱ्यात कुणाच्या तरी अंगठ्याने मळलेली जागा. पहिलीचे ४५ हजार येन, दुसरीचे ८ हजार. मी पहिलीवर वाकून ओठांचा लाल न्याहाळत होते, तेव्हा तो मोठ्या समाधानाने म्हणाला, "हे कुणी पाहिलेलंच नाही."

ही त्या चित्राची स्तुती होती. मी मान डोलावली, पैसे मोजले, त्याने दोन पुठ्ठ्यांमध्ये चित्र बांधून वर प्लास्टिक गुंडाळून दिलं. पण ते वाक्य मेट्रोच्या तोझाई लाइनच्या गर्दीतून निशी-कासाईपर्यंत माझ्याबरोबर उभं राहून आलं. ज्याचा चेहरा बघायला आख्खं एदो शहर, म्हणजे तेव्हाचं टोकियो, लोटायचं, त्या नटाच्या चित्राचं मोल कशात, तर त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही यात?

व्यवहार म्हणून त्याचं म्हणणं बिनचूक आहे, हे मला ठाऊक होतं. या छापील चित्रांचे जुने रंग फुलापानांतून काढलेले. गुलाबी-लाल करडईच्या फुलांचा. कोवळा निळा एका रानफुलाच्या पाकळ्यांचा, आणि जांभळा बहुतेकदा या दोघांच्या मिश्रणाचा. दोन्ही रंग उजेडाला भितात, आणि निळ्याला तर पाण्याचा हातही सोसत नाही. खिडकीसमोर लावलेलं चित्र बघता बघता पिवळट, राखाडी होतं. १८३०च्या आगेमागे युरोपातून आलेला प्रशियन निळा स्वस्त झाला आणि चित्रकारांनी तो मन मानेल तसा वापरला. तो मात्र घट्ट बसून राहतो. म्हणून मळक्या प्रतीतही आभाळ टिकलं होतं. पुढे पश्चिमेतल्या कित्येक रसिकांनी विटक्या प्रती पाहून जपान्यांच्या 'संयत' रंगसंगतीचं कौतुक केलं. संयत कसली, भडक होती ती! एदोच्या त्या लोकांना नाटकाइतकंच झगमगीत चित्र हवं असायचं.

याचं टोक बोस्टनमध्ये बघायला मिळतं. म्हणजे मिळत नाही, तीच तर गंमत. स्पॉल्डिंग या दोन भावांनी १९२१ साली तिथल्या ललितकला संग्रहालयाला सुमारे साडेसहा हजार जपानी चित्रं दान दिली आणि अट घातली की ती कधीही प्रदर्शनात मांडायची नाहीत. त्यांच्यासाठी १९१३ साली जपानात चित्रं खरेदी करत फिरला होता वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट. संग्रहालयाने अट पाळली. त्या चित्रांतला जांभळा आजही जांभळा आहे, आणि अमुक चित्रकाराने मुळात कोणता रंग वापरला असेल हे ठरवायला अभ्यासक त्याच प्रतींकडे जातात. मी त्या प्रती संगणकाच्या पडद्यावर पाहिल्या आहेत. बघून आधी हरखले, मग जरा रागच आला. इतकी टवटवीत चित्रं, आणि ती एका काळोख्या खणात कायमची.

आणि तरी, माझ्याकडे तेवढा पैसा असता तर मीही हेच केलं असतं.

घरी आल्यावर मी चित्र पहिल्यांदा पालथं घालते. ही सवय एका म्हाताऱ्या संग्राहकाने लावली. पुढून चित्र बघायचं ते डोळ्यांनी, मागून बघायचं ते हातांनी, असं तो सांगायचा. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा तो कागद मागच्या बाजूने किंचित लोकरीसारखा लागतो. त्यावर जिथे रंग दाबून भरलाय तिथे गोल गोल फिरलेल्या खुणा दिसतात. वेळूच्या सालपटात गुंडाळलेल्या चपट्या गोल चकतीने, बारेनने, छापणाऱ्याने पाठीवरून कागद घासल्याच्या त्या खुणा. हाताचा जोर कुठे वाढला, कुठे सैल पडला, हे अजून वाचता येतं. मग चित्र उताणं करून भिंग घ्यायचं आणि कपाळाची कड बघायची, जिथे केस सुरू होतात. चेरीच्या लाकडावर रेघ ठेवून दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकायचं असतं. म्हणजे एकेक केस हा उभा ठेवलेला लाकडाचा कंगोरा. डोकं कोरायचं काम कारखान्यातल्या मुख्य कारागिराचं, कपडे आणि नक्षी शागिर्दांची. एकदा हे कळलं की प्रत्येक चित्रात दोन हात वेगळे दिसायला लागतात. चेहऱ्याजवळ श्वास रोखलेला एक, आणि बाहीच्या टोकाशी घाई झालेला दुसरा.

या चित्राच्या कडेला छोटे शिक्के होते. दोन शिक्के मजकूर तपासणाऱ्या मुखियांचे, आणि एक तारखेचा: उंदराचं वर्ष, अधिक दुसरा महिना. मी कितीतरी वेळ त्या शिक्क्याकडे बघत बसले. जपानची जुनी कालगणना आपल्यासारखीच चांद्र-सौर, तिथेही ऋतूंशी मेळ घालायला अधिक महिना घ्यायचे. १८५२ साली तो दुसऱ्या महिन्यानंतर आला होता. म्हणजे हे चित्र अधिक मासातलं. आई इथे असती तर म्हणाली असती, जावयाला तीस-तीन अनारसे द्यायच्या महिन्यात तू चित्रं घेत बसलीस. १८७३ पासून जपानने इंग्रजी कॅलेंडर घेतलं आणि अधिक महिना इथून कायमचा गेला. आमच्या घरात तो अजून येतो, आईच्या फोनवरून.

चित्रावर सही होती, शिक्के होते, प्रकाशकाची खूण होती. नटाचं नाव मात्र नव्हतं. हे छापणारा विसरला, असं मला सुरुवातीला वाटायचं, इतकी मी नवखी होते. कारण निराळं होतं. १८४२ साली शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्याच्या, सरकारला काटकसरीची उबळ आली आणि नटांची व गणिकांची चित्रं छापायला बंदी झाली. नाट्यगृहं शहराच्या मध्यातून उचलून असाकुसाच्या कडेला नेऊन टाकली. त्या वेळचा सर्वांत मोठा नट, सातवा इचिकावा दानजुरो, याला उधळपट्टीच्या आरोपावरून एदोतून हद्दपार केलं. रंगमंचावर त्याने खरंखुरं चिलखत वापरलं, हाही त्यात एक गुन्हा. पुढे बंदी हळूहळू ढिली पडली, चित्रं पुन्हा निघाली, पण बरीच वर्षं नटाचं नाव छापायचं नाही हा दंडक चालला. त्याने काही अडलं नाही. नाकाचा बाक, जबड्याची ठेवण आणि कपड्यावरचं घराण्याचं चिन्ह एवढ्यावर गिऱ्हाईक ओळखायचं. तीन चौकोन एकात एक दिसले की दानजुरो घराणं, संपला विषय.

मी सांगलीची. त्यामुळे ही सनावळी वाचताना माझ्या डोक्यात दुसरंच घड्याळ टिकटिकत असतं. एदोत नाटकवाल्यांना वेशीबाहेर काढल्यावर वर्षभराने, ५ नोव्हेंबर १८४३ला, आमच्या गावात चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण एकीकडे राजसत्ता नाटकाला हाकलतेय आणि दुसरीकडे ओसरी देतेय, हे एकाच सुमाराला चाललं होतं हे कळलं की बरं वाटतं. सांगलीच्या माणसाला तर फारच.

माझ्या आजीच्या पोथीत बालगंधर्वांचं एक चित्र असायचं. कुठल्यातरी मासिकातून कापलेलं, शालू नेसलेलं, हातात फूल. तिने ते कापलं तेव्हा ती परकरात असावी. पोथी रोज उघडायची, त्यामुळे चित्रही रोज उघडायचं. माझ्या आठवणीत त्या चित्राला चेहरा जवळजवळ नव्हताच. घडी नेमकी नाकावरून गेलेली, बोटांच्या तेलाने कागद पारदर्शक झालेला, पदराची जर तेवढी ओळखू येई. आजी तरीही त्याच्याकडे बघून सांगायची, "नेसणं बघ. बायका यांच्याकडून शिकल्या." एदोतही हेच. काबुकीत बायकांची कामं पुरुषच करायचे, आणि त्यांनी काल घातलेला रंग उद्या बाजारात. अठराव्या शतकातला सेगावा किकुनोजो हा त्यांपैकी एक. तो ज्या हिरवट तपकिरी छटेत रंगमंचावर आला तिला त्याचंच नाव पडलं, आणि जपानी रंगांच्या यादीत ते अजून आहे. आजी गेल्यावर पोथी कुणाकडे गेली माहीत आहे, चित्राचं विचारलं तर "कुठलं चित्र?" असं उत्तर आलं. संग्राहकाच्या भाषेत सांगायचं तर त्या कागदाची किंमत शून्य होती. इतकं पाहिलेलं चित्र मी त्यानंतर दुसरं बघितलं नाही.

ही नटांची चित्रं मुळात होतीच तशी, पोथीत ठेवायची, भिंतीला डकवायची, पोराने मागितली तर देऊन टाकायची. सोबा नावाच्या शेवयांचा वाडगा १६ मोनला (मोन हे तेव्हाचं नाणं) मिळायचा, आणि एक साधं चित्र त्याच्या थोडं वर, फार तर दुप्पट. नाटक चालू असेतोवर खपवायचं, पुढचं नाटक लागलं की हे शिळं. शाराकूसारखा चित्रकार १७९४-९५च्या जेमतेम दहा महिन्यांत एकशे चाळीसच्या वर चित्रं काढून नाहीसा झाला. नटांचे त्याने इतके खरे चेहरे काढले की गिऱ्हाइकांना ते रुचले नसावेत, असा तर्क आहे. आज त्याच्या एकेका चित्रामागे संग्रहालयं धावतात. माझ्यासारखीने त्या वाटेला जाऊ नये. मी कुनिसादा, कुनियोशी, आणि त्यांचे चेले कुनिचिका, योशितोशी यांच्यातच रमते. हे लोक भरमसाट छापायचे, म्हणून अजून पगारात बसतात.

व्हिन्सेंट व्हॅन गॉग याच दर्जाची चित्रं घ्यायचा. १८८६-८७च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये झीगफ्रीड बिंगच्या दुकानाच्या माळ्यावर बसून त्याने ढिगातून सहाशेहून अधिक चित्रं उचलली, स्वस्तातली, एकेक तीन सूला, म्हणजे चिल्लरीत. कुनिसादा त्यात भरपूर. विकून चार पैसे मिळवू असा बेत होता, एका कॅफेत मांडूनही पाहिली, कुणी फिरकलं नाही. मग त्याने ती आपल्या खोलीच्या भिंतीला टोचली. सुमारे पाचशे चित्रं आज अॅमस्टरडॅमच्या त्याच्या संग्रहालयात आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांच्या कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं आहेत. मला स्पॉल्डिंग बंधूंबद्दल आदर आहे. पण एका टेबलावर जेवायची वेळ आली, तर मी टाचणीवाल्याच्या शेजारी बसेन.

योद्ध्यांच्या चित्रांकडे मी उशिरा वळले. रक्त, दात-ओठ, चिलखतांचे हजार पदर, असल्या चित्रांत माझं मन लागेना. मग कुनियोशी बघितला. रेशीम रंगवणाऱ्याचा मुलगा, मांजरांचं भलतं वेड, आणि तिशी येईपर्यंत नाव नाही. १८२७च्या सुमाराला त्याने एका चिनी कादंबरीतल्या १०८ बंडखोर वीरांची मालिका सुरू केली आणि एदोला वेड लागलं. चित्र छोटं, आपल्या वहीच्या दोन पानांएवढं, पण आतला माणूस त्यात मावत नाही. खांदा एका कडेला टेकलेला, टाच दुसरीला, आणि पाठभर गोंदलेले ड्रॅगन, लाटा, चेरीची फुलं. आग विझवणाऱ्या टोळ्यांतले, ओझी वाहणारे गडी ही चित्रं गोंदणाऱ्यापुढे टाकून "हे असं काढ" म्हणू लागले. म्हणजे काही चित्रं कागदावरून माणसांच्या पाठीवर गेली. ती माणसं मेल्यावर तीही गेली. त्यांचा संग्रह कोण करणार!

माझी मुलगी इथेच वाढतेय, इथल्या शाळेत जाते. तिने असला एक वीर बघितला, पाठ आणि दंड गच्च गोंदलेला, दातांत तलवार धरून पाण्यात उतरणारा. मी तिला कादंबरी सांगायला सुरुवात केली. तिने मध्येच तोडलं. "याला आपल्या पूलमध्ये घेणार नाहीत." का, तर पूलच्या दारावर पाटी आहे: गोंदण असलेल्यांना प्रवेश नाही. १८७२ साली, शोगुनांनंतर आलेल्या मेइजी सरकारने गोंदणाला बंदी केली, ती १९४८ साली उठली, पण पाटी राहिली. मी तिला म्हटलं, पोहायला येतंय ना त्याला, मग? ती म्हणाली, "टॉवेल गुंडाळून गेला तर जमेल."

सरकारने नटांची चित्रं बंद केली तेव्हा याच कुनियोशीने जी पळवाट काढली तिच्यावर माझा जीव आहे. १८४७-४८च्या सुमाराला त्याने चित्रांची एक मालिका काढली. कोठाराच्या भिंतीवर कुणी रिकामटेकड्या पोराने खिळ्याने रेघोट्या ओढल्यात, असा सगळा बहाणा. वाकड्या रेषा, वेडीवाकडी नाकं, मध्येच डोक्याला फडकं बांधून नाचणारी दोन शेपट्यांची मांजर. नटाचं चित्र कुठे आहे यात, सरकार? ही तर भिंत. पण वाकडी नाकं ओळखीची होती. प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक होतं कुठली रेघ म्हणजे कोण. इतक्या कसबी कोरक्यांना मुद्दाम भोंगळ रेघ कोरायला लावली असणार, आणि ते काम त्यांना केसांच्या कडेहून अवघड गेलं असेल असं मला नेहमी वाटतं. तेव्हाच्या योद्ध्यांच्या चित्रांतही हाच लपंडाव. सोळाव्या शतकाच्या शेवटच्या भागातल्या सरदारांची खरी नावं छापायची नाहीत असा नियम. म्हणून तोयोतोमी हिदेयोशी चित्रात माशिबा हिसायोशी होतो, आणि वाचणारा गालात हसतो. याच हिदेयोशीच्या चित्रांपायी १८०४ साली उतामारोसारख्या बड्या चित्रकाराच्या हातात बेड्या पडल्या होत्या. ५० दिवस. चित्रकाराचे हात बांधायचे, ही शिक्षा ठरवणाऱ्याला धंद्याची चांगली माहिती असावी.

वासेदा विद्यापीठात १९२८ साली उघडलेलं नाट्यसंग्रहालय आहे. इमारत शेक्सपिअरच्या काळातल्या एका इंग्रजी नाट्यगृहासारखी, आणि आत सुमारे ४७ हजार नाट्यचित्रं. ती आता कुणालाही घरबसल्या पडद्यावर बघता येतात. रात्री जेवणं आटोपल्यावर मी तिथे बसते. नवऱ्याला वाटतं मी ऑफिसचं काम करतेय, म्हणजे वाटायचं. माझ्या खणातल्या कागदाची जुळी भावंडं तिथे सापडतात. एकाला डावीकडची कड जास्त आहे, दुसऱ्यात तलवारीच्या म्यानावर चकाकी आहे जी माझ्यात नाही. तीन कागद जोडून होणाऱ्या चित्रांचा तर वेगळाच छळ. तीन भाग सुटे विकले जायचे, म्हणून सुटेच हाती येतात. माझ्याकडे एक योद्धा आहे जो सर्व ताकदीने भाला फेकतोय आणि भाल्याचं टोक कागदाच्या कडेला संपतं. तो कुणाला लागला, हे पडद्यावर बघून ठेवलंय. पण तो कागद बाजारात दिसला की मी पुढे जाते. भाला हवेत असलेलाच मला बरा वाटतो, आणि हे माझ्या ओळखीच्या एकाही संग्राहकाला पटत नाही.

जपण्याचं काम कंटाळवाणं आहे, त्यावर फार लिहीत नाही. इथला जूनचा पावसाळा म्हणजे कपाटात बुरशी. आम्लरहित कागदाचे लखोटे, आर्द्रता शोषणारं यंत्र, महिन्याकाठी खण उघडून हवा दाखवणं. हे सगळं करताना मी खोलीचे पडदे ओढून घेते. मग अंधारात खण उघडून अंधारात बंद करते, आणि मध्ये केव्हातरी मोबाइलच्या उजेडात नटाचा डोळा क्षणभर चमकतो. एकदा मुलीने दारातून विचारलं, "ते झोपलेत का?"

त्या मळक्या प्रतीसाठी मी जिंबोचोला परत गेले. दुकानदाराला वाटलं मी पहिलीत काही खोट काढायला आलेय. दुसरी हवी म्हटल्यावर त्याने दोनदा विचारलं, मग बांधताना पुठ्ठाही वापरला नाही, नुसतं पाकीट. एकाच चित्राच्या दोन प्रती घेण्यात कसला हिशेब, असं नवऱ्याने विचारलं तेव्हा उत्तर तयार होतं: हिच्या अंगावरचं जे जायचं ते जाऊन चुकलंय. उजेड तिचं आता काही बिघडवू शकत नाही. ती आमच्या जेवणाच्या टेबलासमोर आहे, अगदी खिडकीतून ऊन येतं त्या भिंतीवर. पहिले काही दिवस नवरा तिला पाठ करून बसायचा. डोळे वटारलेल्या माणसासमोर वरणभात उतरत नाही म्हणाला. आता तोच येणाऱ्या-जाणाऱ्याला अंगठ्याची खूण दाखवतो आणि आपला अंगठा त्यावर धरून बघतो. त्याचा मोठा पडतो.

गेल्या महिन्यात एक निराळ्या जातीचं चित्र घेतलं. शिनी-ए म्हणतात यांना. लोकप्रिय नट वारला की प्रकाशक घाईघाईने त्याचं चित्र काढायचे: अंगावर फिकट निळा पोशाख, बाजूला मृत्यूची तारीख, मरणोत्तर नाव, दफनाचं देऊळ. आठवा दानजुरो, म्हणजे त्या हद्दपार झालेल्या सातव्याचा मुलगा, १८५४ साली ओसाकाला प्रयोगासाठी गेला आणि तिथे त्याने स्वतःचा जीव घेतला. देखणा, एदोच्या बायकांच्या गळ्यातला ताईत. शंभराहून अधिक निरनिराळी चित्रं निघाली त्याच्या मृत्यूवर. कारण तेव्हाही कुणाला नीट कळलं नाही. काही चित्रांत तर बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचा देखावा उचलला आहे. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात बुद्ध उजव्या कुशीवर पहुडलाय आणि खाली शिष्य शोक करतायत, तसा दानजुरो आडवा, आणि भोवती रडणाऱ्या बायकाच बायका. माझं चित्र इतकं भव्य नाही. एकटाच बसलाय, हातात जपमाळ, चेहरा शांत.

खणात ठेवायच्या आधी ते टेबलावर होतं आणि आईचा व्हिडिओ कॉल आला. फोन कुठेतरी टेकवताना कॅमेरा त्यावर गेला.

"कोण गेलं गं?" आई एकदम म्हणाली. तिला जपानी येत नाही, शिनी-ए माहीत नाही, तरी ओळखलं.

"नट होता आई. खूप जुना. १८५४."

"वय काय होतं?"

"त्यांच्या मोजणीने बत्तीस."

"अरे देवा. आई-वडील होते?"

"वडील होते. तेही नटच. त्याच्यानंतर पाच वर्षांनी गेले."

आई जरा वेळ बोलली नाही. मागे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाली, "आणि तू त्याला कपाटात ठेवणार?"

मी तिला रंग, उजेड, बुरशी असं सगळं सांगायला लागले. ती ऐकत नव्हती. चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनच्या अगदी जवळ येऊन चित्र बघत होती, त्यामुळे मला फक्त तिचं कपाळ दिसत होतं. मी फोन उचलून चित्राच्या आणखी जवळ नेला, पोशाखाचा निळा दिसेल असा. बहुधा प्रशियन निळा, टिकाऊ.

"हार घालणार नसलीस तर निदान भिंतीला तरी लाव," ती म्हणाली. "आणि जेवणाच्या टेबलासमोर नको हं."